खड्डा दाखवणारा हात

प्रिय शिवलीला,

तुझा आवाजी निरोप मिळाला. मी भाकरी थापत होते, हात पिठाचे, म्हणून चन्नवीरने फोन उचलून मोठ्या आवाजात लावला. तीन वर्षांनी तुझा आवाज माझ्या स्वयंपाकघरात आला आणि आल्या आल्या काय म्हणाला? "दाक्षे, राग गिळ की गं आता! किती दिवस धरून बसतीस? बरं, ते जाऊ दे. घरात सायकल चालवायची म्हणजे काय काय सामान लागतं ते सांग की. तू म्हणे सगळं बसवलंयस. मंडळानं उन्हाळी स्पर्धा ठरवलीय, पडद्यावरची. अन् अध्यक्षबाईलाच काय ठाऊक नाही म्हटल्यावर लोक फिदीफिदी हसतील मला." मग तुझं ते हसणं. नवरा बिचारा फोन धरून माझ्याकडे बघत होता. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हटलं, आपल्या शिवलीलेला सामान हवंय, देऊ या की.

निरोपाला निरोपानेच उत्तर देता आलं असतं. पण तू तो अर्धा ऐकला असतास, दोन हात जोडलेलं चित्र पाठवून मोकळी झाली असतीस. कागदाचं तसं नाही. तो हातात धरून बसावं लागतं. आणि या पत्रातली कोणती ओळ तुझ्या कामाची आहे हे शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तुला कळणार नाही, याची मी सोय केली आहे.

आधी सामान. सायकल तुझ्याकडे आहेच, ती निळी. तीच वापर, नवी घेऊ नकोस. अनोळखी सायकलवर बसलेला माणूस हरला की सीटला दोष देतो. खरी वस्तू म्हणजे ट्रेनर. सायकल ज्यावर एका जागी घट्ट बसते ते यंत्र. मोबाइलच्या किंवा टीव्हीच्या पडद्यावर ॲप रस्ता दाखवतं; त्यात चढ आला की हे यंत्र पेडल जड करतं, उतार आला की हलकं. त्यात दोन प्रकार आहेत. स्वस्तातल्या प्रकारात मागचं चाक तसंच ठेवून एका रुळावर दाबायचं. महागातल्यात मागचं चाक काढून ठेवायचं, सायकलीचा सांगाडाच यंत्रावर चढवायचा आणि चेन थेट यंत्राच्या दातेरी चकत्यांवर घालायची. तू महागातलाच घे. स्वस्तातल्यात टायर घसरतं, हवा कमी-जास्त झाली की आकडे बदलतात, आणि मग बोलायला जागा राहते. मला तुझ्याकडे बोलायला जागा राहिलेली नको आहे. चकत्या मात्र तुझ्या गिअरशी जुळणाऱ्याच माग. मी विचारलं नव्हतं, पहिला आठवडाभर माझी चेन बेडकासारखी उड्या मारत होती आणि सासूबाई दारातून म्हणत होत्या, "साकु, दाक्षे, साकु." पुरे झालं म्हणून. त्यांच्या कानडीतलं हे एक 'साकु' मी लग्नापासून ऐकत आले आहे आणि एकदाही ऐकलेलं नाही.

ट्रेनरखाली जाड रबरी चटई लागते. इथे आपण सोलापूरकर एक चूक हमखास करतो, म्हणून सांगते. घरात चादरी पडलेल्या असतात, तर कशाला विकत घ्यायची चटई? मी चांगली दुहेरी विणीची चादर चौघडी करून अंथरली. ती घामाने भिजली, फरशीवरून सरकत गेली, आणि मी पेडल मारत मारत, सायकलसकट, इंचाइंचाने देवघराकडे निघाले. शिवाय खाली आवाज जातो. आमच्या खाली माढ्याच्या बजाबाई राहतात. त्या जिना चढून आल्या, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अवो बाई, वरती गिरणी टाकली म्हनं? मग सांगायचं न्हाय व्हय? आमी दळण घिऊन लक्ष्मी चौकापातूर जातोय की हितं!" तेव्हा चटई घे. आणि पुढच्या चाकाखाली ठेवायला ठोकळा. चन्नवीरने तो लाकडाचा करून दिला. तो रंधा मारत होता. मग म्हणाला, "तुला साधा उंबरा ओलांडताना भिंत धरावी लागते, दाक्षा. कुणाशी भांडायला हे चाललंय?" मी म्हटलं, तू ठोकळा सरळ कर.

उंबऱ्याचं तुला ठाऊक नसेल. विचारायला तू आली नव्हतीस. माझ्या डाव्या कानाच्या आत जो तोल राखणारा भाग असतो तो आता नाही. म्हणजे आहे, पण बंद पडलेल्या यंत्रमागासारखा. डोळे मिटून उभी राहिले तर मी डावीकडे पडते. दोन चाकांच्या सायकलवर मला या जन्मी बसता येणार नाही. माझे वडील गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलायचे, कमरेच्या पट्ट्यात तो एवढा उंच ध्वज, आणि चेहऱ्यावर सुरकुती नाही. आम्हा भावंडांत त्यांचा तोल माझ्यात उतरला असं ते सांगत. आता मी व्याख्यानाला उभी राहते तेव्हा डावा हात भाषणाच्या मेजावर घट्ट असतो. मोडनिंबला एका वृत्तपत्राच्या बातमीदाराने लिहिलं, 'बाई मेजावर मूठ ठेवून गर्जत होत्या.' मूठ कसली! ती काठी होती.

म्हणून ट्रेनर. त्याच्यावर सायकल पडत नाही. पाय माझे शाबूत होते, शिवलीला. फुप्फुसं शाबूत होती. राग तर पहिल्या दिवसापासून ठणठणीत होता.

पंख्याचं लिहायचं राहिलं. रस्त्यावर वारा आपोआप लागतो; खोलीत तू आपल्याच उकाड्यात शिजतेस. उभा मोठा पंखा घे, लग्नाच्या मांडवात लावतात तसला, आणि तो छातीसमोर ठेव. कूलर लावायचा मोह होईल, एप्रिलचं सोलापूर आहे, पण बंद खोलीत कूलरने दमटपणा कोंडतो, घाम सुकत नाही आणि डोकं जड होतं. टॉवेल मात्र पोटभर घे. जगाला टॉवेल पुरवणाऱ्या गावात त्याची वाण नाही. एक हँडलवर, एक गळ्यात, एक खाली. घाम सायकलवर गळू देऊ नकोस, स्क्रू गंजतात. छातीला बांधायचा पट्टा घे, हृदयाचे ठोके मोजणारा; तो ओला करून बांध, नाहीतर काही दाखवत नाही. पेडलचे फेरे मोजणारा एक बारका सेन्सर असतो, तो चांगल्या ट्रेनरमध्ये आतच असतो, वेगळा घेऊ नकोस. इंटरनेट बरं हवं. आणि ट्रेनर, इंटरनेटचा डबा, पडदा हे सगळं इन्व्हर्टरवर घे. आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि सरावात रोज ऐन चढावर वीज जायची हे कारण फार गोंडस आहे. तेही मला नको.

पडदा. याच्यापाशी मी जरा थांबते. लोक मोठा टीव्ही लावतात. मी पहिल्या दिवशी लावला. समोरचा रस्ता हलायला लागला, वळण आलं, आणि माझ्या फुटक्या कानाला कळेना की मी बसले आहे की पडते आहे. मला ओकारी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी टीव्ही काढला, मोबाइल लावला, आणि रस्ता बघायचाच नाही असं ठरवलं. फक्त खालचे आकडे बघायचे. कित्येक महिने मी अशी आंधळी चढले. कुठला डोंगर, कुठलं समुद्रकाठचं गाव, मला काही ठाऊक नाही. मग हळूहळू एका कोपऱ्यातून रस्ता बघायला शिकले, मग अर्धा, मग पूर्ण. डॉक्टर म्हणाले, मेंदूने नवी वाट काढली. मी त्यांना म्हटलं नाही की वाट मेंदूने नाही, वैराने काढली. प्रत्येक चढावर मी समोर एक पाठ बघत होते. निळ्या सायकलीवरची, पिवळ्या जर्सीतली. तुझी.

आपल्या दोघींना सायकलचा नाद तू लावलास हे मी विसरलेले नाही. तुला साखर निघाली, डॉक्टरने व्यायाम सांगितला, आणि एकटीला लाज वाटते म्हणून तू मला ओढलंस. चाळिशी उलटलेल्या दोन बाया, साडीची सवय मोडून त्या घट्ट पँटी घालून पहाटे विजापूर नाक्यावर. तू म्हणालीस, "आपली धिंड निघालीय असं वाटायलंय की गं." आणि आपण इतकं हसलो की मी पहिल्याच दिवशी रिक्षावर जाऊन आपटले. पाठीच्या खिशात कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी. ते पहाटवारा सायकल मंडळ आपण दोघींनी उभं केलं. त्याचं पहिलं पत्रक मी लिहिलं. भाषण तू केलंस. ते तर कॉलेजपासूनचं आपलं ठरलेलं होतं. वक्तृत्वाच्या जोडीच्या स्पर्धेत दोघींची भाषणं मी लिहायची. माझं मी बोलायची आणि तुझं तू पाठ करायचीस. तू पाठ केलेलं असं बोलायचीस की आत्ता सुचलं असं वाटावं. मला जमायचं नाही ते. माझा राग शब्दांच्या पुढे पळायचा. तो फिरता करंडक आपण कायमचा जिंकला तो तुझ्या दिवाणखान्यात आहे. असू दे. आणि मंडळात तू एक रीत घातलीस, ती मला फार आवडली होती. शर्यत झाली की हरणाऱ्याने जिंकणाऱ्याची माइकवर ओळख करून द्यायची. तू म्हणाली होतीस, "हरलेल्याचं तोंड गोड राहतं अन् जिंकलेल्याचं डोकं जाग्यावर." किती शहाणं बोललीस. तुझं स्वतःचं, मी लिहून न दिलेलं, सर्वांत चांगलं वाक्य ते.

आता त्या रविवारचं. अक्कलकोटहून परत येत होतो. वारा समोरून होता. होटगीच्या अलीकडे तू पुढे, मी तुझ्या चाकाला चाक लावून मागे. हे मी का लिहिते, तुला माहीत नाही का? माहीत आहे. पण तीन वर्षांत तू ते इतक्या वेळा वेगळं सांगितलंस की तुला खरं उरलं असेल की नाही, मला शंका आहे. पुढच्याच्या आडोशाला मागच्याला वारा कमी लागतो, म्हणून चिकटून चालवायचं. पण मागच्याला रस्ता दिसत नाही, पाठ दिसते. म्हणून पुढच्याने हात खाली करून खड्डा दाखवायचा. डावीकडे खड्डा, डावा हात. पहिल्या दिवशी आपण नवख्यांना हेच शिकवायचो. मागच्याचे डोळे म्हणजे पुढच्याचा हात, हे वाक्य पत्रकात मीच लिहिलं होतं.

रस्त्याच्या कडेला गुरुशांत बसला होता, आपला सचिव, नवा कॅमेरा घेऊन. तुझा डावा हात उठला. वर. तू त्याला हात केलास, हसलीस, आणि त्याच वेळी तुझी सायकल उजवीकडे वळली. छान, गुळगुळीत वळली. खड्डा चुकवून वळली. न दिसता कुणी वळत नाही, शिवलीला. मग मी त्यात गेले.

पुढचं मला तुकड्यांत आठवतं. तोंडात माती. कानात कारखान्याचा भोंगा वाजावा तसा आवाज, तो अजून पुरता थांबलेला नाही. आणि तू. तू आवाज ऐकलास, आणि गुरुशांतपर्यंत गेलीस, आणि मग वळलीस. वाकून पहिलं वाक्य काय बोललीस? "अगं, अंतर ठेवायचं नाही का!" ते तू घाबरून बोललीस, हे मी मान्य करते. घाबरलेला माणूस पहिल्यांदा दोष झटकतो. हॉस्पिटलात चन्नवीरला तेच सांगितलंस, तेही सोडून देते. समोर नवरा रडत असेल तर खरं बोलायला छाती लागते. पण तिसऱ्यांदा तू ते मंडळाच्या सभेत माइकवर बोललीस. माइकवर कुणी घाबरून बोलत नाही. ठरवून बोलतो. हे मला शिकवू नकोस, माझा जन्म माइकपुढे गेला आहे. तू म्हणालीस, दाक्षायणी माझी जिवाची मैत्रीण, पण ती कुणाचं ऐकत नाही, चाकात चाक घालते, वय बघत नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मी ऐकत नाही हे खरंच असल्यामुळे बाकीचंही खरं वाटलं. आणि नियम झाला. दोन सायकलींचं अंतर. नाव काय ठेवलंत? दाक्षायणी नियम.

नावापुरतं राहिलं असतं तर मी गप्प बसले असते. पण माणसं नावाला तसंच ठेवत नाहीत, वापरतात. "ए, सरक की मागं, दाक्षायणी होईल!" "काल आमच्यातल्या एकाची दाक्षायणी होता होता राहिली." हे मला कुणी येऊन सांगितलं नाही. मी ते ऐकलं, भाजी घेताना, दोन पोरीसोरी सायकली धरून उभ्या होत्या. मी त्यांच्या शेजारी कोथिंबीर निवडत होते. त्यांना कल्पनाही नव्हती की ते एका बाईचं नाव आहे.

आणि माढा. रस्ता सुरक्षा सप्ताह, प्रमुख वक्त्या दाक्षायणीबाई. मंडप भरलेला. मी मेजाचा आधार घेत उभी राहिले, आणि समोर, खुर्च्यांच्या मागे, तुमच्या मंडळाने पाठवलेला फलक. 'अंतर ठेवा, दाक्षायणी टाळा.' वर तुझा फोटो. तोच, हात उंच केलेला, हसरा. प्रास्ताविक करणाऱ्या बाईने फलक वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला, आणि भोळेपणाने माइकवर विचारलं, "म्हणजे बाई, ह्या तुमीच व्हय?" मंडप हसला. तीस वर्षं मी या जिल्ह्यात गावोगाव बोलत आले. हुंड्यावर बोलले, बुवाबाजीवर बोलले, दगड खाल्ले, दारू प्यालेल्या पुढाऱ्यांना मंडपातून उठवलं. लोक माझ्यावर चिडले, हसलं कधी कुणी नव्हतं. त्या दिवशी मी बोलले. काय बोलले ते मला आठवत नाही. परत येताना गाडीत चन्नवीरने विचारलं, "फलक काढायला सांगू का?" मी म्हटलं, नाही. ज्यांनी लावला त्यांनीच काढायचा.

आता तुला वाटेल, एवढं मनात असताना ही बाई खरं सामान कशाला सांगेल? मलाही वाटलं होतं. तुझा निरोप ऐकल्यावर भाकऱ्या होईपर्यंत मी तेच मनात घोळवत होते. पंखा सांगायचा नाही, बस्स. पंख्याशिवाय तू दहा मिनिटांत लाल होऊन उतरली असतीस. किंवा स्वस्तातला ट्रेनर सांगायचा. किंवा ट्रेनर तापल्यावर तो शून्यावर आणून घ्यावा लागतो हे गाळायचं. (ते विसरू नकोस. आधी थोडा वेळ चालव, मग ॲपमध्ये ते बटण आहे, ते सांगेल तसं वेग वाढवून पाय सोडून दे. थंड यंत्रावर केलंस तर आकडे फसवतात.) यातलं काहीही केलं असतं तरी तुला कळलं नसतं. पण ते म्हणजे खड्डा बघून वळणं आणि हात न दाखवणं. ते मला येत नाही. माझ्या सुडाला तुझी पद्धत नको. माझी पद्धत अशी, की पुढचा प्रत्येक खड्डा मी तुला हात करून दाखवणार.

म्हणून हा शेवटचा खड्डा. ॲप तुला वजन विचारेल. चढावरचा वेग वजनावर ठरतो. कमी सांगितलं की पडद्यातली बाई पाखरासारखी चढते. तुला मी ओळखते. तू वजन डॉक्टरलाही कमी सांगतेस आणि रेल्वे स्टेशनवरच्या काट्यालाही चप्पल काढून फसवायला बघतेस. त्यामुळे मी गुरुशांतला फोन केला. म्हटलं, स्पर्धेच्या दिवशी सगळ्यांचं वजन सगळ्यांसमोर काट्यावर करा. तो म्हणाला, "बघतो, मॅडम." मी म्हटलं, बघू नको, लिही. त्याने लिहिलं. तुमच्या मंडळात माझ्या नावाचा एक नियम आहेच. याला हवं तर तुझं नाव द्या.

गुरुशांतने त्या फोनवर चाचरत एक विचारलं होतं, आणि त्याचंच उत्तर म्हणजे हे पत्र. त्याने विचारलं, मॅडम, स्पर्धेत तुमचं नाव घेऊ का? मी म्हटलं, घे. पूर्ण घे, दाक्षायणी, पडद्यावर तसंच दिसलं पाहिजे. पन्नाशीपुढच्या महिलांच्या गटात दोनच नावं आहेत, शिवलीला. सराव आपापल्या घरी, पण शर्यत मंडळाच्या सभागृहात. आपापले ट्रेनर तिथे आणून शेजारी शेजारी, भिंतीवर मोठा पडदा, समोर सगळं मंडळ. सगळा चढ. वारा नाही, खड्डा नाही, कॅमेऱ्याला हात करायला जागा नाही, आणि मला पडायला रस्ता नाही. यासाठी मी तुला एकूण एक सामान सांगितलं. अध्यक्षबाईला आता माघार घेता येणार नाही आणि हरल्यावर बोलताही येणार नाही. तुझ्याकडे महिनाभर आहे. माझ्याकडे तीन वर्षं होती. मी तुला गाठेन, आणि या वेळी तुला मागे वळून बघायचे कष्ट नाहीत, माझं नाव तुझ्या नावाच्या वर सरकताना समोरच दिसेल. मग तुझी रीत. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याची ओळख करून द्यायची. तुला आयत्या वेळी सुचत नाही हे मला कॉलेजपासून माहीत आहे, म्हणून मी लिहून देते. 'या दाक्षायणी. होटगीच्या रस्त्यावर त्या दिवशी पुढे मी होते. खड्डा मला दिसला होता. मी वळले आणि हात दाखवला नाही. त्या पडल्या, चूक माझी.' एवढंच. मी तुला आजवर लिहून दिलेलं सर्वांत छोटं भाषण. आणि समजा तू जिंकलीस, तर रीतीप्रमाणे तुझी ओळख मी करून देईन. माझं भाषण छोटं नसतं, हे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. तेव्हा पाठ कर. कागद बघून वाचू नकोस, तुला ते शोभत नाही.

तुझीच, अजूनही तुझ्या मागच्या चाकावर नजर ठेवून असलेली,
दाक्षायणी